बाळाचा डोस किती?

ऑक्टोबर १९३७. तुमच्या खिशात अमेरिकन सरकारच्या अन्न व औषध प्रशासनाचं ओळखपत्र आहे, हातात औषधाच्या दुकानांची यादी आणि मोटारीच्या मागच्या सीटवर रिकामे खोके. देशभरात तुमच्यासारखे निरीक्षक आणि रसायनतज्ज्ञ मिळून २३९ जण आहेत आणि जवळजवळ सगळे एकाच औषधाच्या मागावर निघाले आहेत. ‘एलिक्सिर सल्फानिलामाइड’. बूच काढलं की रास्पबेरीचा वास येतो, चव गोड आहे.

ओक्लाहोमातल्या टल्सा गावातून पहिली बातमी आली. घसा दुखतो म्हणून हे औषध घेतलेल्यांची लघवी बंद झाली, पोटात असह्य कळा आल्या, मग झटके आणि शेवटी शुद्ध हरपणं. सल्फानिलामाइड हे औषध तसं चांगलंच, पण ते गोळीत आणि पुडीत मिळायचं. गिऱ्हाईक पातळ औषध मागतं, असं विक्रेत्यांनी टेनेसीतल्या मॅसेंगिल कंपनीला कळवलं. कंपनीचे मुख्य रसायनतज्ज्ञ हॅरोल्ड वॉटकिन्स यांना ते डायइथिलीन ग्लायकॉलमध्ये छान विरघळताना दिसलं. कंपनीने रंग पाहिला, वास पाहिला, चव पाहिली. ते पोटात गेल्यावर काय होतं हे पाहिलं नाही, कारण तसं पाहा असं कोणत्याही कायद्यात लिहिलेलं नव्हतं.

तुमच्या हातात कायद्याचं एवढंच बळ आहे: ‘एलिक्सिर’ म्हणायचं तर त्यात मद्यार्क हवा आणि या बाटलीत तो नाही. म्हणजे लेबल खोटं. बाटलीत विष आहे म्हणून नव्हे, लेबल चुकलंय म्हणून तुम्ही ती जप्त करू शकता.

तुम्ही गावोगाव फिरता. काही डॉक्टरांनी रुग्णांची नावंच लिहून ठेवलेली नाहीत. एक कुटुंब औषध घेऊन डोंगरात राहायला गेलंय, सोबत तीन वर्षांचा मुलगा. त्याला शोधायला तिथल्या एका डॉक्टरने स्वतःचं लग्न पुढे ढकललं आहे. तो मुलगा वाचतो. तयार झालेल्या २४० गॅलनपैकी २३४ गॅलनहून थोडं जास्त तुम्ही सगळे मिळून परत आणता. उरलेल्या सहा गॅलनपेक्षाही कमी औषधाने शंभराहून जास्त माणसं गेली. त्यांत ३४ मुलं होती.

आता शिकागो विद्यापीठात या. प्राध्यापक गाइलिंग यांच्या प्रयोगशाळेत पिंजऱ्यांची रांग लागली आहे. उंदीर, ससे, कुत्री. काही प्राण्यांना ते एलिक्सिर, काहींना नुसतं सल्फानिलामाइड, काहींना नुसतं डायइथिलीन ग्लायकॉल. पिंजऱ्यांवर नजर ठेवणाऱ्यांत पीएच.डी.साठी आलेली तेवीस वर्षांची एक विद्यार्थिनी आहे, फ्रान्सिस ओल्डहॅम. तिच्याशेजारी उभे राहा आणि ती काय लिहून घेते ते पाहा: या उंदराने किती पाणी प्यायलं, किती लघवी केली, कधी बंद झाली. द्रावक मिळालेले प्राणी माणसांसारखेच आजारी पडतात. उत्तर मिळतं. काही पिंजरे, थोडं खाद्य, काही आठवडे आणि लक्ष देऊन बघणारी दोन-चार माणसं. एवढ्यावर मिळणारं हे उत्तर बाटल्या गाडीत चढण्याआधी मिळायला हवं होतं. ते विचारायचं कोणाचं काम नव्हतं, म्हणून त्यावर कोणी खर्च केला नाही.

२५ जून १९३८ला नवा कायदा झाला. औषध सुरक्षित आहे हे विक्रीआधी दाखवा, असं त्याने सांगितलं. मात्र सुरक्षित कोणासाठी, हा प्रश्न तसाच राहिला. त्याची चुणूक त्या विद्यार्थिनीला युद्धकाळात मिळाली. मलेरियाच्या औषधांवर काम करताना तिने पाहिलं की प्रौढ सशाचं शरीर क्विनीन झपाट्याने मोडतं, गाभण सशिणीला ते तितकं साधत नाही आणि पोटातल्या पिल्लांना तर मुळीच नाही.

हे ध्यानात ठेवून लॉस एंजेलिसला चला. १९५० नंतरचं दशक संपत आलंय. तुम्ही काउंटी हॉस्पिटलच्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या कक्षात रात्रपाळीच्या नर्स आहात. काचेच्या पेट्यांमध्ये दीड किलो, पावणेदोन किलोचे जीव. एकीच्या बाळाच्या कागदावर लिहिलंय की पाणमोट फुटल्यानंतर चोवीस तासांहून जास्त वेळाने जन्म झाला. अशा बाळाला आतून जंतुसंसर्ग झालेला असू शकतो आणि एवढ्याशा जिवात तो काही तासांत पसरतो, हे तुम्ही पाहिलेलं आहे. म्हणून लक्षणं दिसण्याआधीच प्रतिजैविक सुरू करायचं, हा रिवाज. क्लोरॅम्फेनिकॉल हे त्या काळातलं नावाजलेलं औषध. टायफॉइडच्या कितीतरी रोग्यांना त्याने मरणाच्या दारातून परत आणलंय. तुम्ही डोस भरता, सुई टोचता, वेळ लिहिता.

दोन दिवस बाळ बरं असतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध नको म्हणतं. पोट फुगतं. उलटी होते. श्वास अडखळतो, हातपाय गार पडतात, अंग लुळं होतं आणि कातडीचा गुलाबी रंग जाऊन राखेसारखा करडा चढतो. तुम्ही डॉक्टरांना हाक मारता. काही तासांत बाळ जातं. कागदावर तुम्ही जे लिहाल ते मीही लिहिलं असतं, कोणीही लिहिलं असतं: जंतुसंसर्ग. औषध उशिरा पोचलं. पुढच्या बाळाला लवकर सुरू करू, थोडं जास्त देऊ.

मला या प्रसंगात सर्वांत भयंकर वाटतं ते हेच. औषधाने झालेली इजा हुबेहूब त्याच आजारासारखी दिसते, ज्यासाठी ते दिलंय. नर्स कितीही कसबी असो, डॉक्टर कितीही मायाळू असो, पेटीजवळ उभं राहून हा फरक दिसणं शक्य नाही. एकेका बाळाकडे पाहून तर नाहीच नाही.

तो दिसला तुलनेमुळे. त्याच रुग्णालयातले लॉरेन्स बर्न्स, जोन हॉजमन आणि अलोन्झो कॅस यांनी अशा १२६ बाळांचे चार गट केले. पहिल्या गटाला प्रतिजैविक दिलंच नाही. दुसऱ्याला पेनिसिलिन आणि स्ट्रेप्टोमायसिन, तिसऱ्याला क्लोरॅम्फेनिकॉल, चौथ्याला तिन्ही. त्यांच्यामागे उभे राहून तो कोष्टकाचा कागद तुम्ही वाचा. काहीच न दिलेल्यांपैकी १९ टक्के बाळं गेली. पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिनच्या गटात १८ टक्के. क्लोरॅम्फेनिकॉलच्या गटात ६० टक्के. तिन्ही औषधं मिळालेल्या गटात ६८.

आता मागच्या कितीतरी रात्री तुम्हाला नव्याने आठवतील. तुमच्या हाताला दोष देऊ नका. त्या हाताने जे केलं ते त्या काळातली सगळी पुस्तकं करायला सांगत होती.

१९५९च्या डिसेंबरात ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये हे छापून आलं आणि वर्षभरात कारणही उलगडलं. मोठ्या माणसाचं यकृत क्लोरॅम्फेनिकॉलला साखरेच्या जातीचा एक रेणू जोडून ते निरुपद्रवी करतं, मूत्रपिंड ते बाहेर टाकतं. अपुऱ्या दिवसांच्या बाळात तो रेणू जोडणारं विकर पुरेसं तयारच झालेलं नसतं, मूत्रपिंडंही कच्ची असतात. औषध अंगात साठत जातं, आजचा डोस कालच्या डोसावर चढतो. वजनाच्या दर किलोमागे दिवसाला शंभर मिलिग्रॅम आणि त्याहूनही जास्त दिलं जात होतं. अशा बाळाला पंचवीसच्या आसपास पुरे होतं. औषध वाईट नव्हतं. बाळाचा डोस किती, एवढंच कोणी मोजलं नव्हतं. औषध बाजारात येऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती.

पुढची काही वर्षं तुम्ही भरभर पार करा. १९६० साली ती शिकागोची विद्यार्थिनी, आता डॉ. फ्रान्सिस केल्सी, अन्न व औषध प्रशासनात रुजू होते. थॅलिडोमाइड या झोपेच्या गोळीचा अर्ज तिच्या टेबलावर येतो आणि माहिती अपुरी आहे म्हणत ती तो पुन:पुन्हा परत पाठवते. युरोपात त्या गोळीमुळे हातपाय न वाढलेली हजारो बाळं जन्मतात. १९६२ला अमेरिकेचा कायदा आणखी कडक होतो: औषध गुणकारी असल्याचाही पुरावा द्या. कंपन्या पुरावा देतात, मोठ्या माणसांवरच्या चाचण्यांचा. मुलांबाबत लेबलावर एक वाक्य येतं की पुरेसा अभ्यास झालेला नाही.

१९६८मधल्या बालरोगतज्ज्ञाच्या खुर्चीत बसा. समोर चार वर्षांचं मूल आहे आणि औषध तर द्यायलाच हवं. तुम्ही जुनं सूत्र वापरता: वयाला वय अधिक बारा यांनी भागा. चार भागिले सोळा, म्हणजे मोठ्यांच्या डोसाचा पाव भाग. हे सूत्र यकृताला काही विचारत नाही, मूत्रपिंडालाही नाही. त्याच वर्षी डॉ. हॅरी शर्की लिहितात की मुलं ही औषधोपचारातली अनाथ झाली आहेत. ज्या कायद्यांचा जन्म मुलांच्या मृत्यूंमधून झाला, त्या कायद्यांचा फायदा मुलांनाच मिळत नाही, हे त्यांचं दुखणं होतं. मुलांवर संशोधन करणं क्रूरपणाचं वाटतं, म्हणून ते टाळलं गेलं. त्या टाळण्याने प्रयोग थांबले नाहीत. रोज, प्रत्येक दवाखान्यात, प्रत्येक मुलावर एकेकटा प्रयोग होत राहिला आणि त्याची कुठे नोंद झाली नाही.

आता वॉशिंग्टनजवळचं बेथेस्डा, जानेवारी २००३. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत, एनआयएचमध्ये, तुमच्या टेबलावर बारा औषधांची यादी आहे. पाच वर्षांपूर्वी काँग्रेसने कंपन्यांना सवलत दिली होती: मुलांवर अभ्यास करा, सहा महिने जास्त मक्तेदारी मिळवा. ती बरीच चालली, पण ज्यांचं पेटंट संपलंय त्यांना या सवलतीचा काय उपयोग? तुमच्या यादीत तीच औषधं आहेत. फ्युरोसेमाइड, डोपामिन, हेपारिन, लिथियम, रिफाम्पिसिन, लोराझेपाम. दहा कंपन्या बनवतात, कोणाचीच नाहीत. अतिदक्षता विभागातल्या बाळांना रोज दिली जातात आणि त्यांच्या डोसासाठी एक डॉलर खर्चायला कोणी पुढे येणार नाही. म्हणून ४ जानेवारी २००२ला सही झालेल्या कायद्याने हा खर्च सरकारी तिजोरीवर टाकला.

कायद्यात पहिल्या वर्षासाठी वीस कोटी डॉलरची तरतूद करायला मंजुरी आहे. तुम्ही हिशेबाची वही उघडता तेव्हा वेगळी रक्कम आलेलीच नसते. एनआयएचमधल्या संस्था आपापल्या वाट्यातून वर्गणी काढल्यासारखे वर्षाला सुमारे अडीच कोटी डॉलर जमवतात. यादी लांबत जाते, पैसा तेवढाच. प्रत्येक वर्षी तुम्हाला कोणता ना कोणता प्रश्न बाजूला ठेवावा लागतो. या वहीवर मी इतका रेंगाळतो, कारण प्रयोगशाळेतल्या शोधांच्या गोष्टी आपण मुलांना सांगतो. पैसा अडल्यामुळे विचारलाच न गेलेला प्रश्न कोणाच्या गोष्टीत येत नाही.

यादीतल्या एका प्रश्नाचं काय झालं ते बघा. २००९ किंवा २०१०. तुम्ही आई किंवा बाप आहात आणि तुमच्या दोन वर्षांच्या मुलीला फेपरं आलंय. डोळे फिरलेत, जबडा घट्ट मिटलाय, पाच मिनिटं उलटली तरी झटके थांबत नाहीत. बालरुग्णालयाच्या तातडीच्या कक्षात लोकांची धावाधाव चाललेली. शिरेतून द्यायला दोन औषधं आहेत, डायझेपाम आणि लोराझेपाम. मुलांमध्ये अशा झटक्यांसाठी पहिल्याला सरकारी मान्यता आहे, दुसऱ्याला नाही; तरी अनेक डॉक्टर दुसरंच निवडतात, कारण ते जास्त काळ टिकतं आणि श्वास कमी दाबतं असा त्यांचा समज आहे. खरं काय? आजवर कोणी नीट ताडून पाहिलेलं नाही.

त्या क्षणी तुमच्यापुढे संमतीपत्र ठेवून चार पानं समजावणं शक्य नाही. म्हणून अभ्यास सुरू होण्याआधी त्या त्या शहरांत लोकांना बोलावून सगळं मांडलं गेलं, शंका ऐकून घेतल्या, कडक देखरेख बसवली. मुलगी सावरताच तुम्हाला सगळं सांगितलं जातं आणि नको म्हणायचा हक्क तुमचा राहतो. हे सगळं करायला माणसं लागतात, बैठका लागतात, वर्षं लागतात. अभ्यासाचा बराच खर्च अशा न दिसणाऱ्या सावधपणावर होतो, आणि तो व्हायलाच हवा.

अकरा रुग्णालयं, चार वर्षं, २७३ मुलं. २०१४ला निकाल छापून आला. दहा मिनिटांत झटके थांबून पुन्हा न आलेली मुलं: डायझेपामने ७२.१ टक्के, लोराझेपामने ७२.९. श्वासासाठी यंत्राची मदत लागलेलीही जवळपास सारखीच. लोराझेपामने गुंगी मात्र जास्त आली. वर्तमानपत्रात पहिल्या पानावर यावी अशी ही बातमी नव्हे. पण लोराझेपाम शीतकपाटात ठेवावं लागतं आणि डायझेपाम बाहेरही टिकतं. जिथे रुग्णवाहिकेत फ्रीज नाही, वीज दिवसातून कितीदा तरी जाते, तिथल्या डॉक्टरला आता ठाऊक आहे की हाताशी असलेलं स्वस्त औषध कमी पडत नाही. असं उत्तर मिळवायला कोणती कंपनी पैसे देईल?

सप्टेंबर २०२५, नागपूर. तुम्ही बालरोग विभागातले निवासी डॉक्टर आहात. मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यातून, परासियाच्या बाजूने मुलं येताहेत, बहुतेक पाच वर्षांच्या आतली. आधी ताप-खोकला, मग लघवी बंद. क्रिएटिनिन चढत चाललंय, डायलिसिस लावावं लागतंय. तुम्ही पालकांना विचारता, काय काय दिलं होतं? खोकल्याचं सिरप. तमिळनाडूत बनलेल्या त्या औषधाच्या नमुन्यात ४८.६ टक्के डायइथिलीन ग्लायकॉल सापडतं. शिकागोच्या पिंजऱ्यांत जे विष ओळखलं गेलं, तेच, ८८ वर्षांनी. वीसहून जास्त मुलं जातात.

हा भेसळीचा आणि तपासणीतल्या ढिलाईचा गुन्हा आहे, त्याची जबाबदारी संशोधनावर ढकलू नये. पण तुम्ही डॉक्टर आहात, म्हणून आणखी एक प्रश्न तुम्हाला टाळता येणार नाही: सिरप शुद्ध असतं, तरी ते या मुलांना का दिलं गेलं? सर्दी-खोकल्याच्या अशा मिश्रणांचा लहान मुलांना उपयोग होतो याचा भरवशाचा पुरावा नाही. त्या सिरपमधल्या क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिनच्या जोडीबाबत भारताच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३मध्येच सांगितलं होतं, चार वर्षांखालच्या मुलांना नको असं लेबलावर छापा. एक आई तुम्हाला विचारते, मग डॉक्टर, पोर रात्रभर खोकत असेल तर आम्ही करायचं काय?

तिला द्यायचं उत्तर नागपूरपासून पावणेदोनशे किलोमीटरवर, गडचिरोलीत, बऱ्याच आधी शोधलं गेलंय. चला, शेवटचा मुक्काम १९८८. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने जवळपास शंभर गावं अभ्यासाला घेतली आहेत, ५८ गावांत उपचार, ४४ गावं तुलनेसाठी. तुम्ही गावातले आरोग्यसेवक आहात, सातवी-आठवी शिकलेले. झोपडीच्या दारात आईच्या मांडीवर खोकणारं बाळ आहे. स्टेथोस्कोप नाही, क्ष-किरण नाही. बाळाचं झबलं वर करायचं आणि मिनिटभर छातीचं वरखाली होणं मोजायचं. पापुआ न्यू गिनीत फ्रँक शॅन यांनी मुलांचे असेच श्वास मोजून दाखवलं होतं की साधा खोकला आणि न्यूमोनिया यांतला फरक या आकड्यात बराचसा पकडता येतो. मिनिटाला पन्नासाच्या वर गेला तर को-ट्रायमॉक्सॅझोल, वजन-वयानुसार ठरवून दिलेलं. खाली असेल तर औषध नाही. अंगावरचं पाजा, ऊब द्या, लक्ष ठेवा, धाप लागली तर हाक मारा.

तुम्ही मोजता: छत्तीस. आई औषधाची वाट पाहतेय, शेजारच्या दोघीतिघी तुमच्याकडे बघताहेत. नाही म्हणणं हे या कामातलं सर्वांत अवघड प्रशिक्षण आहे. तुम्ही तिला समजावता आणि उद्या सकाळी पुन्हा मोजायला येतो म्हणून सांगता.

१९९०ला ‘लॅन्सेट’मध्ये हिशेब छापून आला. उपचार मिळालेल्या ६१२ न्यूमोनियांमध्ये शंभरी ०.८ मृत्यू, तुलनेच्या गावांत १३.५. त्याच नोंदींमधून पुढचा प्रश्न वर आला. अगदी नवजात बाळांना, पहिल्या महिन्यातल्या, हे पुरत नव्हतं. त्यांना जंतुदोष झाला तर घरी जाऊन जेंटामायसिनचं इंजेक्शन देता येईल का, कितपत, कोणाच्या हातून? मूत्रपिंडाला आणि कानाला इजा करू शकणारं औषध आणि दोन-अडीच किलोचं बाळ. त्यासाठी १९९३पासून पुन्हा गावं निवडली गेली, पुन्हा जन्म-मृत्यू नोंदले गेले, पुन्हा सेविकांना वजनकाटा आणि सिरिंज हातात धरायला शिकवलं गेलं, आणि त्या सगळ्याचा खर्च पुन्हा नव्याने मागावा लागला.